बरणीतला तंबाखू आणि ठाण्याची हवा

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैतल्या एका रविवारी नौपाड्यातल्या घरी मी पाईप तंबाखूचे चार डबे एकदम उघडले, तंबाखू वर्तमानपत्रावर पसरला आणि जेवायला बसलो. इंग्रजीत कुठेतरी वाचलं होतं की वर्षानुवर्षं मुरवण्यासाठी बरणीत भरण्याआधी तंबाखूला थोडी हवा लागू द्यावी. जेवण झालं, वामकुक्षी झाली. पाच वाजता उठलो तेव्हा तंबाखू पावसाळ्यातल्या पापडासारखा सादळून मऊ झाला होता. तरी तसाच बरण्यांत दाबला आणि झाकणं घट्ट लावली. दसऱ्याला कौतुकाने बरणी काढून पाहतो तर आत पांढरी लव. दोनशे ग्रॅम तंबाखू कचऱ्यात गेला.

चूक त्या सल्ल्याची नव्हती, तो ठाण्यासाठी लिहिलेला नव्हता एवढंच. तंबाखू मुरवण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते इंग्लंड-अमेरिकेच्या हवेत लिहिलेलं असतं. तिथे तो वाळून कोळ होण्याची धास्ती असते. आपल्याकडे चार महिने तो भिजतो, एप्रिल-मेमध्ये शिजतो आणि एसीच्या खोलीत उघडा राहिला तर वाळतो. म्हणून इथे बरणी कोणती घेतली यापेक्षा ती कोणत्या दिवशी भरली हे जास्त महत्त्वाचं. हा लेख त्याच अंगाने लिहिलाय.

सुरुवातीलाच एक गोष्ट. मुरलेला तंबाखू चवीला बदलतो, तब्येतीला नाही. पाईपचा धूर छातीत ओढला नाही तरी ओठ, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका असतोच. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करावं असं यात काही नाही. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. आधीपासून ओढणारा, थोडं ओढून जास्त चवीने ओढू पाहणारा जो प्रौढ वाचक आहे, त्याच्यासाठी पुढचं सगळं.

मुरतं म्हणजे काय होतं

कैरीचं लोणचं घातल्या दिवशी फोड वेगळी, मसाला वेगळा आणि मीठ वेगळं लागतं. दोन महिन्यांनी ते एकजीव होतं. तंबाखूचं बरचसं असंच आहे. वेगवेगळी पानं एकत्र करून बनवलेल्या मिश्रणात सुरुवातीला प्रत्येक पान स्वतंत्र बोलतं, मग हळूहळू कडा झिजतात. पानातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात जी प्रक्रिया चालते ती कांदा खरपूस परतताना किंवा भाकरीला डाग पडताना होते तीच. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. कढईत ती मिनिटांत होते, बंद बरणीत वर्षं घेते. शिवाय बरणीतल्या थोड्या हवेतला प्राणवायू सुरुवातीला वापरला जातो आणि पुढे त्याच्याशिवाय सावकाश बदल होत राहतात. म्हणून मुरत ठेवलेली बरणी दर महिन्याला उघडून वास घ्यायचा नसतो. प्रत्येक वेळी नवी हवा आत जाते आणि आतली जमून आलेली बैठक मोडते.

साखर जितकी जास्त तितका मुरायला वाव जास्त. म्हणून काय ठेवायचं हे आधी ठरवावं.

व्हर्जिनिया हे पान गरम हवेच्या कोठीत सुकवतात. त्यात साखर भरपूर राहते आणि मुरण्यात त्याचा पहिला नंबर लागतो. आंध्रात गुंटूर-प्रकाशम भागात आणि कर्नाटकात हुणसूर, पिरियापट्टणकडे हेच पिकतं. गुंटूरला तंबाखू मंडळाचं मुख्यालय आहे ते याच पिकामुळे. नवा व्हर्जिनिया ओढताना जिभेला चावतो, म्हणजे बोचरा लागतो. दोन वर्षांनी तो चावरेपणा उतरतो. पाच वर्षांनी सुक्या अंजिराचा, मनुकांचा, कधी काकवीचा वास येतो. दहा वर्षांनंतरही तो बदलत असतो.

पेरिक हा अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सेंट जेम्स परगण्यात होतो. पानं लाकडी पिंपांत दाबून त्यांच्याच रसात आंबवतात, म्हणजे तो आधीच मुरलेला असतो. थोडा पेरिक घातलेला व्हर्जिनिया हा साठवणाऱ्यांचा सर्वात लाडका प्रकार, आणि माझाही.

लाटाकिया हा धुरावलेला तंबाखू. नाव सीरियातल्या बंदरावरून पडलं, पण आजचा माल मुख्यतः सायप्रसचा. चुलीच्या धुरात काळवंडलेल्या माळ्याचा वास आठवा, जवळजवळ तोच. वर्षं जातात तसा त्याचा धूर मंदावतो. धुरासाठीच तो आवडत असेल तर पाच वर्षांच्या आत संपवावा. ज्यांना तो फार उग्र वाटतो त्यांनी मात्र ठेवावा.

बर्ली हवेत वाळवतात, त्यात साखर नगण्य उरते, त्यामुळे फरक थोडा पडतो. आणि शेवटी व्हॅनिला, चेरी, रम असली अत्तरं मारलेला सुगंधी तंबाखू. तो साठवण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत. वरून दिलेला वास उडतो, आणि ओलावा धरण्यासाठी घातलेल्या प्रोपिलीन ग्लायकोलमुळे तो कायम दमट लागतो. आणावा, ओढावा, संपवावा.

निपाणीचा बिडीचा तंबाखू किंवा खायचा जर्दा यांना हे लागू नाही. मी एकदा हौसेने निपाणीचा तंबाखू दोन वर्षं ठेवून पाहिला. दोन वर्षांनी तो निपाणीचाच तंबाखू होता.

किती ठेवायचं

इथे बहुतेकांचा तोल जातो, म्हणून हिशोब कागदावर करा. पाईपच्या एका भरण्याला साधारण दोन ग्रॅम तंबाखू लागतो. आठवड्याला दोन भरणी धरली तर वर्षाला दोनशे ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे ५० ग्रॅमचे चार डबे. दहा वर्षांचा साठा केला तरी तो दोन किलोंच्या थोडासाच वर जातो. एवढा एका कपाटाच्या एका खणात मावतो. याच्यावर जे काही साचतं तो छंद राहत नाही, ते कोठार होतं.

माझा ऐरोलीचा मित्र एका वर्षात साठ डबे घेऊन बसला, कारण 'उद्या मिळणार नाही'. ही भीती अगदीच खोटी नाही. कंपन्या एकमेकींना विकत घेतात आणि आवडती मिश्रणं बंद होतात. २०२४ मध्ये डेन्मार्कची जुनी मॅक बॅरेन कंपनी स्कँडिनेव्हियन टोबॅको ग्रुपने विकत घेतली तेव्हा जगभरच्या पाईपवाल्यांनी धास्तीने खरेदी केली. पण साठ डब्यांपैकी निम्मे मित्राला आवडलेच नाहीत. न आवडणारं मिश्रण पाच वर्षांनी आवडायला लागेल या आशेवर पैसे अडकवू नयेत. ते पाच वर्षांनीही बहुधा आवडत नाही.

माझी पद्धत अशी. नवं मिश्रण एकच डबा घ्यायचं आणि पूर्ण संपवायचं. संपताना वाईट वाटलं तर तेच तीन घ्यायचे. एक आत्ता, एक दोन वर्षांनी, एक पाच वर्षांनी. वर्षाला चार डबे ओढणाऱ्याने सहाच्या पुढे घेऊ नयेत. पाच वर्षांत दहा डब्यांचा मुरलेला साठा आपोआप तयार होतो आणि घरात भांडण होत नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर प्रवासी सामानातली करमुक्त मर्यादा १२५ ग्रॅम तंबाखूची आहे, आणि ती सिगारेट किंवा सिगारऐवजी आहे, त्यांच्या जोडीला नाही. म्हणजे एका माणसामागे ५० ग्रॅमचे दोन डबे. नियम बदलत राहतात, तिकीट काढताना एकदा पाहून घ्यावं. भाच्याला विमानतळावर बॅग उघडायला लावण्यात मजा नाही.

डबा तसाच ठेवायचा की बरणीत काढायचा

गोल, हवा काढून बंद केलेला पत्र्याचा डबा ही बनवणाऱ्याने दिलेली आयती बरणी आहे. त्याला हात लावू नये. चौकोनी चपटे डबे दिसायला देखणे, पण त्यांचं झाकण कोपऱ्यावर दाबलं गेलं की पकड सुटते आणि आपल्याला कळतही नाही. चौकोनी डबा दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर काढून बरणीत भरलेला बरा. प्लास्टिकच्या पाऊचचं तर विचारूच नका. तो दुकानातून घरापर्यंत यायला पुरतो, मुरायला नाही.

आणि आपल्याकडचा खास शत्रू गंज. खाडीकाठच्या हवेत, विशेषतः कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी पट्ट्यात, पत्र्याला डाग पडायला एक पावसाळा पुरतो. गंज शिवणीपाशी सुरू होतो, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि आतला तंबाखू मरतो. उपाय सोपा. डबे घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावेत आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यात येतात त्या फेकू नका. डबा सीलबंद असल्यामुळे जेल फक्त बाहेरची ओल शोषतं. बरणीच्या आत मात्र जेल कधीही टाकू नये, तंबाखूचा भुसा होईल.

एखादा डबा फुगलेला दिसला तर घाबरू नका. व्हर्जिनियाचा डबा उन्हाळ्यात आतल्या वायूने फुगतो. उघडून वास घ्या. आंबूस-गोड असेल तर उत्तम. कुबट असेल तर पुढे बुरशीबद्दल सांगितलंय ते करा.

बरणी निवडणं

काच, दुसरं काही नाही. प्लास्टिकमधून वास आत-बाहेर करतो. चिनीमातीची दादऱ्याची बरणी लोणच्याला छान, पण तिच्या तोंडाला फडकं बांधलं तरी ती हवाबंद नसते.

मेसन जार नावाने मिळणाऱ्या, दोन तुकड्यांच्या धातूच्या झाकणाच्या बरण्या सर्वात खात्रीच्या. आट्यांच्या झाकणाची ही बरणी जॉन लँडिस मेसन याने १८५८ मध्ये पेटंट केली. तारेची कडी आणि रबरी वॉशर असलेल्या बरण्याही चालतात, फक्त वॉशर चार-पाच वर्षांनी बदलावा, कारण आपल्या उष्णतेत रबर कडक होतं. जांभळी नाक्याच्या भांड्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त बरण्यांना प्लास्टिकचं झाकण आणि आत पातळ फोमची चकती असते. त्या बडीशेपेला ठीक.

माप महत्त्वाचं. २५० मिलिलिटरच्या बरणीत सुटा तंबाखू साधारण ५५ ते ६० ग्रॅम बसतो, म्हणजे एक डबा बरोबर मावतो. मोठ्या बरणीचा मोह नको. अर्धा किलोची बरणी उघडली की सगळा अर्धा किलो एकदम हवेला लागतो. एक डबा, एक बरणी.

जुनी लोणच्याची किंवा जॅमची बाटली धुऊन वापरायची काटकसर मीही केली. काच स्वच्छ होते, झाकण होत नाही. त्याच्या आतल्या थराने हिंग आणि मोहरी धरून ठेवलेली असते. तीन वर्षांनी पाईप पेटवल्यावर आंब्याचं लोणचं नाकात गेलं. काच वापरा, झाकण नवं घ्या.

बरणी खरोखर बंद होते का हे तपासायला वजनकाटा लागतो. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आता थोडक्यात मिळतो, पण तो किती वजन पेलतो ते पाहून घ्या. भरलेली बरणी त्यावर राहायला हवी. रिकाम्या बरणीत पाण्याने भिजवलेला कापसाचा बोळा टाका, झाकण लावा, वजन लिहून ठेवा. आठवड्याने पुन्हा तोला. वजन तेवढंच असेल तर बरणी पक्की. घटलं असेल तर पाण्याची वाफ बाहेर गेली, म्हणजे झाकण गळतंय. या एका चाचणीने मी बारा बरण्यांपैकी तीन बाद केल्या, आणि त्या तिन्ही दिसायला सर्वात मजबूत होत्या.

भरण्याचा दिवस

आता मूळ मुद्द्यावर येऊ. बरण्या भरायच्या त्या डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, कोरड्या दिवशी. मोठ्या सुट्टीची वाट पाहू नका, ख्रिसमसच्या आसपासचा एखादा रविवार पुरतो. पावसाळ्यात डबा आला तर तो तसाच बंद ठेवावा, तीन-चार महिन्यांनी काही बिघडत नाही.

पावसाळ्यात भरलं तर बरणीत दमट हवा अडकेल ही समजूत मलाही होती. एक दिवस आकडेमोड केली. ३० अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बरणीत, हवा पूर्ण दमट असली तरी, सात-आठ मिलिग्रॅम. पन्नास ग्रॅम तंबाखूत मुळातच सात-आठ ग्रॅम पाणी असतं. त्याच्या हजारात एक भाग! अडकलेली हवा काहीच करत नाही. नुकसान करतो तो उघडा पसरलेला तंबाखू, कारण तो पावसाळी हवेतून सतत पाणी ओढत राहतो. आणि नीट न वाळलेली बरणी. तळाशी दहा थेंब पाणी राहिलं तरी ते अर्धा ग्रॅम होतं, म्हणजे ५० ग्रॅम तंबाखूचा एक टक्का. बुरशीला तेवढा कोपरा पुरतो.

म्हणून आदल्या दिवशी बरण्या गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ कापडावर उलट्या घाला. दुसऱ्या दिवशी सरळ करून तासभर उन्हात ठेवा. झाकणाच्या आट्यांत पाणी लपतं, तिथे कापडाचं टोक फिरवा. लोणच्याच्या बरणीला आपल्याकडे जे करतात तेच, फक्त हिंगाची धुरी सोडून.

भरताना हात स्वच्छ, कोरडे आणि बिनवासाचे हवेत. कांदा चिरून आलात तर आधी लिंबू चोळून धुवा.

ओलावा ओळखणं

चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत दाबा व सोडा. चिकटून गोळा झाला तर ओला आहे. कुरकुर करून तुटला तर वाळलाय. सावकाश उलगडला, किंचित लवचीक राहिला, तर बरोबर. ओढण्यासाठी ओलावा साधारण १२ ते १५ टक्के असतो. मुरवायला याहून थोडा जास्त चालतो, म्हणजे चांगल्या डब्यातून येतो तसाच भरावा. ओढण्याइतका वाळवून भरू नये.

ज्यांना बोटांवर विश्वास नाही त्यांच्यासाठी छोटा आर्द्रतामापक असतो, पण आधी तो खोटं बोलतो का ते पाहा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून घट्ट चिखल करा. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्के होते, मग मापक काहीही म्हणो. त्याने ७१ दाखवले तर त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवायचे. तंबाखूसोबत बंद केल्यावर ६० ते ६५ च्या आसपास आकडा आला की झालं. ७० च्या पुढे गेला तर बुरशीला आमंत्रण आहे.

फार ओला असेल तर स्टीलच्या ताटात पसरून अर्धा-पाऊण तास पंख्याखाली ठेवा, दर दहा मिनिटांनी चिमूट दाबून पाहा. उन्हात ठेवू नका, रंग आणि वास दोन्ही उडतात. उलट वाळका डबा हाती आला तर वाडग्यात काढून वर ओलसर कापड ताणून बांधा. कापड तंबाखूला टेकता कामा नये. दर तासाला पाहा. सफरचंदाची फोड किंवा बटाट्याचा तुकडा टाकायचा जुना सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. आपल्या हवेत फळावर दोन दिवसांत बुरशी येते आणि ती तंबाखूत उतरते.

खरं तर वाळका तंबाखू जिवंत करण्यासाठी ठाण्याचा पावसाळा ही फुकटची सोय आहे. ताट खिडकीपाशी वीस मिनिटं ठेवा, पाहा, लागल्यास पुन्हा वीस. मात्र ताट ठेवून तलावपाळीला चक्कर मारायला जाऊ नका. मी गेलो होतो.

भरणं

फ्लेक, म्हणजे दाबून कापलेल्या चपट्या वड्या, जशाच्या तशा उभ्या रचाव्यात. कुस्करू नका, अखंड वडी सुट्या तंबाखूपेक्षा छान मुरते. सुटा तंबाखू हलक्या हाताने भरा आणि बोटाने अलगद दाबा, ठासू नका. वर एक-दीड सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. सुरुवातीच्या मुरण्याला थोडी हवा लागते. म्हणूनच पंपाने हवा काढून घेण्याच्या भानगडीत पडू नये. झाकणाच्या कडा पुसा, फिरवून घट्ट लावा. मेण ओतायची गरज नाही, मेणाने बरणी फक्त देखणी दिसते.

लगेच लेबल. मिश्रणाचं नाव, डब्यावरची तारीख असेल तर ती, बरणीत भरल्याची तारीख, तंबाखूचे ग्रॅम आणि भरलेल्या बरणीचं एकूण वजन. शेवटचा आकडा फार कामाचा. दर जानेवारीत मी प्रत्येक बरणी काट्यावर ठेवतो. वजन जुळलं तर ती न उघडता परत जागेवर. एक ग्रॅमच्या वर घटलं तर झाकण बदलायचं. अशाने बरणी न उघडता तिची तब्येत कळते. शाईच्या पेनने लिहू नका, एका पावसात नावं वाहून जातात. कागदी टेप आणि पक्का मार्कर.

ठेवायचं कुठे

अंधार, स्थिर तापमान आणि वासापासून दूर. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये या तीन अटींत बसणारी जागा सापडायला मला दोन वर्षं लागली.

माळा आधीच बाद. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. जास्त उष्णतेने लवकर मुरेल हा हिशोब चुकीचा आहे. चव भाजल्यासारखी सपाट होते, आणि उष्ण-दमट साठवणुकीत तंबाखूतली नायट्रोसमाइन नावाची कर्करोगजन्य संयुगं वाढू शकतात. स्वयंपाकघर फोडणीमुळे बाद. बाथरूमला लागून असलेली भिंत ओलीमुळे बाद, पश्चिमेची भिंत उन्हामुळे. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात, आणि बंद बरणीलाही त्या वासाशेजारी दहा वर्षं ठेवायची माझी तयारी नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालचा खण वापरू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आपल्याकडेही किती घरांत पाणी शिरलं ते आठवा.

उरलं ते आतल्या खोलीतलं, बाहेरची भिंत नसलेलं कपाट, कंबरेच्या उंचीचा खण. आमच्याकडे तिथे दिवाळी अंक होते. वाटाघाटी झाल्या. अंक माळ्यावर गेले, खणाला कुलूप लागलं आणि त्याची एक किल्ली बायकोकडे गेली. कुलूप शोभेचं नाही. निकोटीन हे विष आहे आणि लहान मुलाने किंवा कुत्र्याने थोडा तंबाखू खाल्ला तरी दवाखाना गाठावा लागतो.

फ्रीज नको. थंडीत मुरणं फार मंदावतं आणि बाहेर काढल्यावर बरणीला घाम फुटतो.

किडा आणि बुरशी

हळदीच्या किंवा तिखटाच्या डब्यात बारीक गोल भोकं पाडणारा तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा किडा पाहिलाय? तोच तंबाखूचा किडा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. कारखान्यात वाफ दिलेल्या डबाबंद तंबाखूत तो क्वचितच असतो. सुटं पान विकत घेणाऱ्यांनी मात्र ते आधी दुहेरी पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावं आणि पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. मसाल्याचे डबे आणि तंबाखू शेजारी न ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

पानावर पांढरं दिसलं की जीव खाली-वर होतो. टॉर्च आणि भिंग घ्या. टॉर्चखाली खडीसाखरेसारखं चमकत असेल, पानाला चिकटून असेल आणि वास गोड असेल तर ते स्फटिक आहेत, नशीबवान आहात. मऊ, लवदार, जाळीसारखं असेल, फुंकर मारल्यावर हलत असेल आणि बंद घराचा कुबट वास असेल तर बुरशी. वरचा थर काढून खालचा वापरू नका. बुरशीची विषं दिसत नाहीत आणि ती तुम्ही जाळून तोंडात घेणार असता. सगळं टाका, बरणी उकळा, झाकणही टाका.

उघडण्याचा दिवस

बरणी उघडल्यावर पहिल्या मिनिटाला येणारा वास थोडा आंबूस, व्हिनेगरकडे झुकणारा असतो. घाबरायचं नाही. दहा मिनिटं झाकण काढून ठेवलं की तो जातो आणि खरा वास वर येतो. लागेल तेवढा तंबाखू काढून ताटात अर्धा तास वाळू द्या, मुरलेला तंबाखू ओलसर ओढला तर त्याची सगळी नजाकत वाफेत जाते. उरलेला त्याच बरणीत अर्धा रिकामा ठेवू नका, लहान बरणीत भरा आणि ती उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. पहिल्याच भरण्याला तोच ताजा डबाही उघडा आणि दोन्ही एकाआड एक ओढा. त्याशिवाय काय बदललं ते कळत नाही, स्मरणशक्ती इथे फसवते.

यंदा जानेवारीत मी पाच वर्षांची व्हर्जिनिया-पेरिकची बरणी काढली. वजन ०.४ ग्रॅमने घटलं होतं. फ्लेक जवळजवळ काळे झाले होते आणि कडांना बारीक चमक होती. पाच वर्षांपूर्वीच्या वहीत याच तंबाखूबद्दल 'जीभ सोलते, मिरीसारखा' असं माझ्याच अक्षरात आहे. आता मिरी मागे कुठेतरी उरली आहे आणि पुढे अंजीर, जुनं लाकूड. अठ्ठावीस ग्रॅम राहिला तो १०० मिलिलिटरच्या दोन बरण्यांत भरला आणि एकीवर मार्चची, दुसरीवर दिवाळीची तारीख घातली. ऐरोलीचा मित्र येणार आहे, दुसरी त्याच्यासमोर उघडायची नाही.